दादा, हे आजीजवळ बसून मोठ्याने वाच

ती. आई, बाबा आणि आजी,
सा. न.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. परवा तो जांभळ्या फुलांजवळचा फोटो पाठवला त्यावर आईचा पहिला मेसेज काय, तर "फोटो कोणी काढला?" फुलं कुठली, देऊळ कुठलं, ड्रेस नवीन का, बाकी काहीच नाही. तर आई, फोटो माझ्या रूममेटने काढला. नेपाळची ती, तू तिला व्हिडिओ कॉलवर बघितलंयस, नमस्ते करून हसते आणि पळते तीच. आणि माझ्या मागे जो निळी छत्री घेतलेला माणूस दिसतोय तो कोण ते मला माहीत नाही, त्यालाही माहीत नसणार तो तुमच्या ग्रुपवर झूम करून बघितला जातोय ते. त्या दिवशी अर्धं टोकियो तिथे फुलं बघायला आलं होतं.

व्हॉट्सअॅपवरच टाकतेय पण पत्र म्हणून लिहितेय, कारण फोनवर अर्ध्यात रेंज जाते आणि उरलेलं अर्धं आई मनाने भरते. दादा, तू पडवीत फेऱ्या मारत नाही, आत आजीच्या खाटेजवळ बसून वाचायचं, मोठ्याने, तिला डाव्या कानाने बरं ऐकू येतं. शेवटी जिथे मी "दादा" असं वेगळ्या ओळीवर लिहिलंय तिथून पुढचं मात्र आधी तू एकटा वाच.

कामाचं तेच, ते लिहीत नाही. जेवते. वजन उतरलेलं नाही, फोटोत तसं दिसतं कारण शर्ट मोठा आहे. मासे रोज मिळतात, आपल्यासारखं सार नाही होत पण नारळाच्या दुधाचा डबा मिळतो, कोकम तुम्ही दिलेलं अजून आहे. नाईट ड्युटीला एकटी नसते, दोघी असतो. आणि बाबा, टीव्हीवर जपानमध्ये भूकंप म्हटलं की तो माझ्याच घराखाली झाला असं नसतं, देश लांबलचक आहे, गेल्या आठवड्यातला आमच्याकडे नुसता पडदा हलण्याइतका होता आणि मी तेव्हा भात लावत होते, भातही नीट झाला.

पाऊस इकडेही सुरू झालाय. त्सुयु म्हणतात, जूनभर रिपरिप. आपल्यासारखा कोसळत नाही, पण कपडे वाळत नाहीत ते सेम. तुमची पेरणी झाली असेल, तरवा कसा आलाय ते दादाने फोटोसकट कळवायचं.

तर देवळाचं. ते आमच्या इथल्या, म्हणजे मी कामावर ज्यांची सेवा करते त्यातल्या एका आजींमुळे घडलं. नाव लिहीत नाही, इथे तसं चालत नाही, नव्वदीच्या पुढच्या आहेत, सकाळी ओळखतात, दुपारनंतर नाही. त्यांचे पाय चोळत होते तर म्हणाल्या जून लागला का, मग तू मेइजी जिंगूच्या देवळाला जाऊन ये, शोबु फुलले असतील. शोबु म्हणजे तीच जांभळी फुलं. आणि मग म्हणाल्या तिथल्या जंगलाला माझ्या वडिलांनी माती वाहिलीय. मला वाटलं दुपार झालीय, काहीतरी बोलतायत. पण नंतर आमच्या सीनियरबाईंनी सांगितलं की खरं असू शकतं. आणि ते ऐकल्यावर मी सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून गेले.

टोकियोत हाराजुकु स्टेशनला उतरलं की एका बाजूला पोरापोरींची खरेदीची गल्ली, गुलाबी केस, गोड खाण्याचे वास, चालायला जागा नाही. दुसऱ्या बाजूला पूल ओलांडला की जंगल. मध्ये काही नाही, एकदम जंगल. आत पाच मिनिटं चाललं की रस्त्याचा आवाज जातो आणि फक्त पायाखालची खडी वाजत राहते आणि कावळे. इथले कावळे इतके मोठे असतात की आपला कावळा बघून मला आता दया येईल.

आई विचारणारच देव कुठला. राजा आहे. मेइजी सम्राट 1912 साली गेला, राणी शोकेन 1914 साली. त्यांना पुरलं तिकडे क्योतोकडे, मग टोकियोच्या लोकांना वाटलं आपल्याकडेही काहीतरी हवं, तर 1920 च्या 1 नोव्हेंबरला हे देऊळ उभं राहिलं, दोघांचं. आत काय आहे ते दिसत नाही. मूर्ती बघायला मिळेल म्हणून मान उंच करून उपयोग नाही, गाभाऱ्याच्या बऱ्याच अलीकडे थांबायचं, पैसे टाकायचे, दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, मनात काय ते बोलायचं, परत एकदा वाकायचं, झालं. नारळ नाही, गाऱ्हाणं घालायला कोणी नाही, आपलं आपण घालायचं, प्रसादाला हात पुढे करायचा तर तोही नाही. आजी, प्रसाद नाही यावर तू काय म्हणालीस ते मला इथून ऐकू आलं.

पैसे म्हणजे बहुतेक जण पाच येनचं नाणं टाकतात. पितळेचं, मध्ये भोक. बाबा, त्याच्यावर भाताची लोंबी आहे! खाली पाण्याच्या रेघा आणि भोकाच्या भोवती चाकाचे दाते, म्हणजे शेती, समुद्र आणि कारखाने. लोंबी अशी वाकलेली आहे की दाणा भरलाय हे कळतं. एक तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय, येताना आणेन.

आता बाबा हे तुमच्यासाठी, दादा जरा सावकाश वाच. हे जे जंगल आहे ना ते सगळं लावलेलं आहे. 70 हेक्टर, म्हणजे पावणेदोनशे एकराच्या आसपास, शहराच्या पोटात, आणि शंभर वर्षांपूर्वी इथे एक जुनी बाग सोडली तर बराचसा गवताळ माळ, शेतं आणि दलदल. देशभरातून लोकांनी झाडं पाठवली, सुमारे 1 लाख झाडं, 365 जातींची. आणि लावायला कोण, तर गावोगावच्या तरुण मंडळांची पोरं, 1 लाखाच्या वर पोरं आली वेगवेगळ्या जिल्ह्यांतून, श्रमदानाला. आमच्या आजींचे वडील त्यातलेच असणार, कुठल्यातरी लांबच्या गावातून आलेले. कुठलं झाड त्यांचं ते त्यांना माहीत नाही, वडिलांनाही माहीत नसेल, माती वाहिली एवढंच.

त्यात एक भांडण झालं होतं. तेव्हाचा पंतप्रधान ओकुमा शिगेनोबु, त्याला सुगीची झाडं हवी होती. सुगी म्हणजे ती सरळसोट उंच, इथल्या जुन्या देवळांभोवती असतात, बघितली की आपोआप हात जोडले जातात अशी. होंदा सेइरोकु म्हणून जंगलाचा प्रोफेसर होता, तो नाही म्हणाला. टोकियोत धूर फार, सुगी धुरात टिकणार नाही, आज शोभेल आणि उद्या वाळेल. त्यापेक्षा ओक, शिई, कापराचं झाड, अशी बारमाही हिरवी रुंद पानांची लावा, जी स्वतःच्या बियांनी स्वतः वाढतील. पंतप्रधानाला नाही म्हणाला, विचार करा! आणि त्या लोकांनी हिशोब कागदावर मांडला. आधी जुन्या पाईनची झाडं वर दिसतील, मग ती कमी होतील, मधली वर येतील, मग कापूर न् ओक सगळं झाकतील, आणि 150 वर्षांनी जंगल आपलं आपण चालेल, माणसाने हात लावायचा नाही. ते म्हणे अंदाजापेक्षा लवकर झालं. मध्ये 1945 च्या एप्रिलमध्ये बॉम्ब पडले, लाकडी देऊळ जळालं, ते परत 1958 ला बांधलं, जंगल बहुतेक वाचलं.

आणि आता ती गोष्ट जी मला कळायला वेळ लागला, म्हणून मी नीट पहिल्यापासून सांगते, हसू नका.

तिथे रस्ता झाडणारी माणसं आहेत. युनिफॉर्म घातलेली, हातात भलेमोठे झाडू, दिवसभर त्या खडीच्या रुंद रस्त्यावरची पानं झाडत असतात. खडी उडत नाही, फक्त पान सरकतं, असा हात बसलाय त्यांचा. ठीक आहे, देऊळ आहे, झाडणारच. मी बघत उभी राहिले कारण मला बघायचं होतं ढीग केल्यावर जाळतात कुठे, की गाडी येते, की पोती भरतात. तर ढीग केला, गोळा केला, आणि जंगलाच्या कडेला जाऊन सगळं परत आत टाकलं! झाडांखाली! मी रूममेटला म्हटलं अगं हे तर तिथूनच आलं होतं. ती म्हणाली वाऱ्याने उद्या परत येईल. आणि खरंच येतं आणि ते परत झाडतात. शंभर वर्षं चाललंय हे.

बाबा तुम्ही म्हणाल मग झाडता कशाला. तेच मी सीनियरबाईंना नंतर विचारलं, दोनदा विचारलं, त्यांना माझा प्रश्नच कळेना. त्यांचं असं की रस्ता माणसांचा आणि देवाचा, तो स्वच्छ पाहिजे, पान जंगलाचं, ते जंगलाला मिळालं पाहिजे. पान कचरा नाही, फक्त चुकीच्या जागी पडलंय. एकही पान बाहेर न्यायचं नाही हा नियम अगदी सुरुवातीपासून लिहून ठेवलाय, कारण त्या झाडांना खत म्हणून दुसरं कोणी काही घालत नाही, पातेरा कुजतो तेवढंच त्यांचं जेवण. रस्त्यावर पडलं म्हणून एक टोपली बाहेर गेली तर त्या झाडाच्या ताटातून गेली, असं आहे ते. बाहेरचं काही आत लावायचं नाही, आतलं बाहेर न्यायचं नाही, जंगलात पाय टाकायचा नाही, रस्त्यावरूनच बघायचं. पडलेली फळं, ओकच्या बिया, इतक्या छान गुळगुळीत, पोरं हातात घेतात, बघतात, आणि आई काही न बोलता नुसती बघते की परत ठेवतात. मला वाटतं या देशात अर्धं काम आयांच्या बघण्यावर चालतं.

आणि तो पातेरा बाबा, घोट्यापर्यंत, सगळीकडे, कोणी हात न लावलेला. तुम्ही असता तर तुमचे हात शिवशिवले असते, किती राब भाजून होईल याचा हिशोब केला असता. मीपण केला.

पण देवरहाटीत, आपल्या देवाच्या राखीव रानात, तुम्ही कधी हात लावला नाहीत. सुकी काटकीसुद्धा नाही. मला तिथे उभं राहून तेच आठवलं, की लहानपणी मी रहाटीतून एक काठी आणली होती गुरांना हाकायला तर आजीने तिन्हीसांजेला परत ठेवायला लावली होती, कंदील घेऊन स्वतः आली होती माझ्याबरोबर. ही टोकियोची रहाटी आहे, फरक एवढाच की आपली कोणी लावली ते कोणालाच माहीत नाही आणि ह्यांच्याकडे सगळा कागद आहे. दादा, आपल्या रहाटीतून रस्ता काढायचं चाललं होतं त्याचं पुढे काय झालं? मानकऱ्यांची बैठक झाली का? तू या विषयावर फोनवर काही बोलत नाहीस.

लाकडी कमान आहे मोठी, तोरिई म्हणतात, अख्ख्या झाडांच्या खांबांची, 12 मीटर उंच. आधीचीवर वीज पडली 1966 मध्ये, मग एवढं लाकूड देशात मिळेना, तैवानमधून 1500 वर्षांचं झाड आणलं आणि 1975 ला नवीन उभी केली. कमानीखालून जाताना वाकायचं आणि रस्त्याच्या मधून चालायचं नाही, मधला देवाचा. आणि वाटेत एका बाजूला तांदळाच्या दारूची पिंपं रचलेली, गवताने गुंडाळलेली, रंगीत चित्रांची, दरवर्षी दारूवाले देवाला अर्पण करतात. समोर दुसऱ्या बाजूला फ्रान्सच्या बरगंडीची वाईन, लाकडी पिंपात, कारण ह्या राजाला वेस्टर्न जेवण आणि वाईन आवडायची. बाबांना सांगते, नुसती पिंपं ठेवलेली असतात, वाटत नाहीत. आपला राखणदार बरा, वर्षातून एकदा का होईना सगळ्यांना थेंब थेंब मिळतो.

बागेचं राहिलंच, ज्यासाठी गेले ते. आतली बाग वेगळी आहे, ग्योएन, तिला 500 येन पडतात. ही देवळाच्याही आधीची, जुन्या काळी कातो सरदारांची, मग ई घराण्याची, मग राजाकडे आली. राजाने राणीसाठी इथे शोबु लावले. राणीची तब्येत नाजूक होती म्हणे, तिला फिरायला म्हणून. दोन बाजूंना झाडं आणि मधून वळत वळत जाणारी अरुंद चिखलाची पट्टी, तिच्यात फुलं, 150 जातींची, दीड हजार रोपं. प्रत्येक जातीच्या पुढे लाकडी पाटी. लांबून सगळी जांभळी दिसतात, जवळ गेलं की एक गडद, वांग्याच्या सालीचा रंग, एक पांढरं आणि त्यात निळ्या शिरा, एक अगदी फिकट, मध्ये मात्र सगळ्यांच्या पिवळा ठिपका. पाकळ्या खाली लोंबत्या असतात, त्यामुळे पावसात ते फूल खराब झालं असं न वाटता बरं दिसतं. एक माळीण चिखलात उतरून वाळलेली फुलं खुडत होती, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर टोपी, कंबरेत वाकून, डावीकडून उजवीकडे. मला एकदम लावणीला उतरावंसं वाटलं. वहिनी हसेल, मी लावणीला किती टाळाटाळ करायचे ते तिला माहितीये, पण खरं सांगते.

त्या चिखलाला पाणी येतं ते वरच्या एका विहिरीतून. कियोमासाची विहीर. विहीर म्हणजे झराच, लाकडी कड, आत एवढं निवळ पाणी की तळाची वाळू हलताना दिसते, बारा महिने 15 डिग्रीच्या आसपास. तिचा फोटो मोबाईलवर ठेवला तर नशीब उघडतं असं एकदा लोकांच्यात पसरलं आणि रांगा लागायला लागल्या. मीपण काढला. ठेवलाय. काही होवो न होवो, गार वाटतं बघून.

परत येऊन आमच्या आजींना व्हिडिओ दाखवला. सकाळची वेळ बघून दाखवला. फुलांवरून त्यांनी पटपट बोट सरकवलं, जंगलाशी थांबल्या. म्हणाल्या, मोठी झाली. मग चहा मागितला.

पाकीट टाकलंय पोस्टात. त्यात कापडी छोटी पिशवी आहे, ओमामोरी, ताईतासारखी, तब्येतीची, आजीसाठी. ती उघडायची नाही, आई, काय आहे बघूया म्हणून कात्री लावू नकोस, उघडली तर उपयोग नाही. उशाला बांध. दुसरी परीक्षेची होती, ती माझ्याकडे ठेवलीय.

आजी, तू मुळीच आवाज न करता पडून राहतेस असं वहिनी सांगते. आवाज कर. दुखतं तर दुखतं म्हण. माझ्या इथल्या सगळ्या आज्या ओरडतात, एक तर मला रोज चोर म्हणते, आणि त्यांचंच सगळं वेळेवर होतं. 

आई, वहिनी, दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, मोबाईलवर अलार्म लावा. कुशीवर घेतली की दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पाठीला एक टेकू, टाचा गादीला टेकायला नकोत. माकडहाडाजवळ रोज बघायचं, लाल दिसलं आणि बोट दाबून काढल्यावर लालच राहिलं तर लगेच कळवा, पावडर मारू नका, चोळू तर अजिबात नका. आणि आई, तू तिला काखेत हात घालून उचलतेस ते बंद कर. व्हिडिओ कॉलवर मी बघितलं. आधी गुडघे दुमडून घे, मग खांदा आणि कंबर धरून तुझ्याकडे वळव, ताकद लागत नाही, ती आपोआप येते. मी इथे दिवसातून कित्येक जणांना असं वळवते, माझ्या कमरेला काही होत नाही. काकू म्हणतात ना की एवढं शिकून लोकांची घाण काढायला गेली, त्यांना सांग ह्यालाही शिकावं लागतं आणि सरकारी परीक्षा असते. रागावून नाही लिहीत. बरं, थोडं रागावून.

दादा,
आता हे तुझ्यासाठी. गणपतीला येत नाहीये. 

मी जानेवारीच्या शेवटी ती काईगोची, म्हणजे ह्या सेवेच्या कामाची, नॅशनल परीक्षा देणार आहे. तीन वर्षांचं काम धरतात, तोपर्यंत माझं होतंय, पण त्याच्याआधी एक ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं ते नेमकं ऑगस्ट सप्टेंबरमध्ये सुट्टीच्या दिवशी आहे. आत्ताचा व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा, मग घरी. पास झाले की दुसरा व्हिसा मिळतो, तो वाढवत जाता येतो, पगारही वाढतो. पेपर जपानीत, रिझल्ट मार्चमध्ये. विमानाचं तिकीट गणपतीत दुप्पट होतं ते वेगळंच. गौरीच्या ओवश्याचं आईने माझ्या नावाचं सूप वहिनीच्या हातात द्यावं. आजीला आत्ताच सांगू नकोस, ती दिवस मोजते हे वहिनीने मला सांगितलंय, शिमग्याला येते असं सांग. शिमग्याला नक्की प्रयत्न करते. पालखी आपल्या खळ्यात नाचते तेव्हा मी असेन असं धरून चालू नकोस पण प्रयत्न करते.

स्थळाचं. सावर्ड्याकडच्या लोकांनी दिवाळीत यायला सांगितलंय आणि परत जाऊ नये आणि "हे काम" करू नये, बरोबर? आईने मला यातलं फक्त पहिलं सांगितलं, उरलेलं मावशीकडून कळलं. मुलगा चांगला असेल. मी वाईट म्हणत नाही. पण एवढ्या तीन अटी भेटायच्या आधीच आल्या तर भेटल्यावर किती येतील. त्यांना सांगा मार्चच्या रिझल्टपर्यंत थांबत असाल तर बोलू, आणि काम सोडणार नाही. ते थांबणार नाहीत हे मलाही कळतं. आईला म्हणावं मी लग्नाच्या विरुद्ध नाहीये. त्या देवळात दोन कापराची झाडं आहेत, जोडीची, मध्ये जाड दोर बांधलेला, नवराबायको म्हणून त्यांच्या पाया पडतात, आणि आम्ही गेलो तेव्हा नेमकी एक वरात चालली होती, पुढे भटजी, मग नवरी पांढऱ्या कपड्यात, डोक्यावर पांढरी भलीमोठी टोपी, वर लाल छत्री धरलेली, बँड नाही, कोणी नाचत नाही, सगळे इतके गप्प की खडी वाजत होती. मी रूममेटला म्हटलं आपल्याकडे असं लग्न झालं तर लोक विचारतील कोण गेलं. पण त्या नवरीचा बाप मागून चालत होता, काळ्या सुटात, आणि तिच्या टोपीवर पाऊस पडू नये म्हणून उगाच हात पुढे करत होता, छत्री असताना. बाबांना हे वाचून दाखवलंस तरी चालेल. आणि नाही, इथे माझं कोणी नाही. असतं तर तुला आधी सांगितलं असतं, तुला माहितीये.

पैसे या वेळी थोडे कमी वाटतील, येनचा भाव पडलाय, मी पाठवलेत तेवढेच. पतसंस्थेचा हप्ता आधी भर, 10 तारखेच्या आत, मागच्या वेळी दंड लागला होता. मग उरतील त्यातून आजीसाठी हवेची गादी घ्यायची, पंपवाली, चिपळूणला सर्जिकलच्या दुकानात मिळते. वीज गेली की पंप बंद पडतो म्हणून खाली साधी गादी राहू दे, आणि गादी आली म्हणून कूस बदलायचं थांबवायचं नाही. कौलं यावर्षी राहू देत, ताडपत्री टाका. आणि दादा, मी पाठवलेल्यातले थोडे आई माझ्या नावाने बँकेत टाकते हे मला माहितीये, लग्नासाठी म्हणून. ते मोडा आणि गादी घ्या. "घेतली" असं नुसतं फोनवर सांगू नकोस, बिलाचा फोटो पाठव.

रविवारी तुमच्या संध्याकाळी सहाला फोन करते, इकडे साडेनऊ होतात. आजीचा चहा तेव्हा झालेला असू दे.

तुमची,
बाय